घरी पाहुणे आले होते

ताई,

मी सहावीची वर्गशिक्षिका आहे. नोकरीला नऊ वर्षं झाली. माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल लिहितेय. बारा वर्षांची आहे, शांत, अभ्यासात बरी. गेल्या चार महिन्यांत तिचे २३ खाडे झालेत. दर वेळी परत आली की आईच्या सहीची चिठ्ठी आणते. निम्म्या चिठ्ठ्यांत 'पोट दुखत होते' आणि निम्म्यांत 'घरी पाहुणे आले होते'. परवा माझ्या लक्षात आलं की अक्षर तिचंच आहे, सहीसुद्धा तिचीच. मी चिडले. वर्गासमोर उभं करून विचारलं, "एवढे कुठले पाहुणे येतात गं तुमच्याकडे?" वर्ग हसला. त्यानंतर ती तीन दिवस आलीच नाही.

मग तिच्या बाकावरची मुलगी मला हळूच म्हणाली, "बाई, ती डबा आणते, पण उघडत नाही." तेव्हापासून मनात वेगळीच शंका आहे. पण तिचे कपडे स्वच्छ असतात, वेण्या घट्ट घातलेल्या असतात. बाजूला घेऊन "सकाळी खाऊन येतेस ना?" विचारलं तर लगेच "हो" म्हणाली. तीन-चार वर्षांचा धाकटा भाऊ आहे. आई-वडील दोघंही मिळेल ते काम करतात.

मुख्याध्यापक म्हणतात, पालकांना नोटीस पाठवा, दोन दिवसांत शाळेत बोलवा, नाही आले तर नाव कमी करण्याची ताकीद द्या. शिस्त हवी असं मलाही वाटतं. आणि घरात खरंच खायची चणचण असेल तर मी काय करणार? माझं काम शिकवायचं की पोट भरायचं?

एक वर्गशिक्षिका

*

बाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चिठ्ठीपाशी अडले. मुलीला खोटं कारण लिहायचं होतं. ताप लिहिता आला असता, आजी आजारी आहे असं लिहिता आलं असतं. तिने पाहुणे लिहिले, तेही पुन्हापुन्हा. पाहुणे कुणाच्या घरी येतात? जिथे जास्तीची चार ताटं वाढता येतात, त्यांच्या घरी. आपलं घर बाईंच्या डोळ्यांपुढे कसं दिसावं हे त्या मुलीने चार शब्दांत ठरवून टाकलं, आणि नेमक्या त्याच चार शब्दांवर वर्ग हसला. ती तीन दिवस का आली नाही, ते मला इथे बसून कळतंय.

नोटीस पाठवू नका. आधी काय चाललंय ते बघा. कसं बघायचं ते सांगते, पण त्याआधी एका समजुतीबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्यासारख्या कळवळ्याच्या शिक्षकांचीसुद्धा तिथेच फसगत होते.

घरात अन्नाची चणचण म्हटलं की आपल्याला उपाशी मूल दिसतं, खोल गेलेले डोळे, फाटके कपडे. एवढी अवस्था येण्याच्या कितीतरी आधी चणचण सुरू झालेली असते. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना जगभर घराघरांतली अन्नाची असुरक्षितता मोजते, ती आठ प्रश्न विचारून. त्यातला पहिला प्रश्न भुकेबद्दल नाहीच, काळजीबद्दल आहे: पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी पुरेसं खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली का? मग सकस खाता आलं नाही का, त्याच त्या दोन-चार गोष्टी खाव्या लागल्या का, एखादं जेवण टाळलं का, कमी खाल्लं का, असं करत करत आठवा प्रश्न येतो, अख्खा दिवस न खाता काढला का. तुम्ही त्या मुलीला जे विचारलंत ते या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरचं होतं. तिचं घर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असेल, तर "सकाळी खाऊन येतेस ना?" या प्रश्नाला "हो" हे खरंच उत्तर आहे. काहीतरी खाऊन येतच असेल ती. आणि पायरी वरची असली तरी "नाही" म्हणणं म्हणजे आईची चुगली करणं, असं बारा वर्षांच्या मुलीला वाटतं.

स्वच्छ कपड्यांचंही तसंच. अशा घरात आधी आईचं ताट लहान होतं, मग वडिलांचं, मग मोठ्या मुलांचं आणि अगदी शेवटी धाकट्याचं. काही घरांत वडिलांचा आणि मुलग्यांचा नंबर मागे सरकतो आणि मोठ्या मुलीचा पुढे येतो. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी मात्र घर शेवटपर्यंत सांभाळतं. वेणी घालायला पैसे लागत नाहीत. घट्ट वेणी घालून देणारी आई त्या घरात आहे, एवढंच तुम्हाला त्या वेणीवरून कळलं, आणि ती गोष्ट पुढे तुमच्या कामी येणार आहे.

मुलांना यातलं काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अशा घरांतल्या मुलांना स्वतंत्रपणे बोलतं केलं. निघालं ते असं की, मुलांना सगळं ठाऊक असतं, आईबापांना वाटतं त्याहून कितीतरी जास्त. नुसतं ठाऊक असून ती थांबत नाहीत. स्वतःहून कमी खातात, मागायचं टाळतात, धाकट्यांना आधी देतात, पैसे मिळवायच्या वाटा शोधतात. घराची जबाबदारी न सांगता उचलतात. तुमच्या मुलीचा न उघडलेला डबा मला त्यातलाच वाटतो. तो रिकामा असेल, किंवा भरलेला असेल आणि तसाच घरी जात असेल, धाकट्यासाठी. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. तुम्ही मात्र डबा उघडून बघायला जाऊ नका.

मीही शिकवत होते. माझ्या वर्गात एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत फळा पुसायला थांबायचा. बाकीची मुलं डबे घेऊन पळाली की हा ओलं फडकं घेऊन फळ्यापुढे. कोपरे, कडा, खडूची खाच, सगळं निगुतीने. मी त्याचं भर वर्गात कौतुक करायचे. कुणी "ये ना खायला" म्हणालं की तो दोन्ही हात पुढे करायचा: "हात खडूने माखलेत." आठ महिने तो फळा पुसत होता. परीक्षेच्या तोंडावर तो येईनासा झाला, तेव्हा कुठे मला कळलं की त्याला सुट्टीची ती वीस मिनिटं घालवायला काहीतरी हवं होतं. माझी त्याच्यावर माया होती, लक्षही होतं. पण मी त्याच्या हातांकडे बघत राहिले आणि त्याच्यापाशी डबा नाही हे बघायचं राहिलं. ही चुटपुट मला अजून आहे, म्हणून तुम्हाला इतकं लांबलचक लिहितेय.

आता खाड्यांबद्दल. 'भूक लागली म्हणून मूल शाळेत आलं नाही' असं क्वचितच सरळ असतं. उलट, शाळेत खायला मिळत असेल तर भुकेलं मूल धावत येतं. घरची चणचण मुलाला ओढून धरते ती आडवाटांनी. इथिओपियात जिम्मा नावाचा भाग आहे. तिथल्या किशोरवयीन मुलामुलींचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्नाची असुरक्षितता सोसणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के मुलं शाळा बुडवत होती, तर पोटापुरतं असणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे जवळजवळ दुप्पट. आता या दुप्पटीच्या आत काय काय असतं ते बघा.

शरीर असतं. कमी आणि निकस खाणारं मूल लवकर आजारी पडतं आणि हळू बरं होतं. लोह कमी पडलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, सकाळी उठवत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलींची उंची झपाट्याने वाढत असते, पाळीही याच सुमाराला सुरू होते, त्यामुळे लोहाची गरज वाढते ती नेमकी आत्ता. 'पोट दुखत होते' ही चिठ्ठी प्रत्येक वेळी खोटीच असेल असं धरून चालू नका. रिकामं पोट दुखतं. काळजीनेही दुखतं.

काम असतं, आणि तुमच्या पत्रात मला हीच वाट सगळ्यात ठळक दिसते. घरातलं संपत आलं की आई जादाचं काम धरते. जादाचं काम धरलं की तीन-चार वर्षांच्या पोराजवळ कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे ताई. त्या दिवशी मुलीचा खाडा हा घराने केलेला हिशेब असतो: शाळेचा एक दिवस आज, दोन दिवसांचं जेवण उद्या. हिशेब क्रूर आहे, पण तो करणारी माणसं क्रूर नाहीत. तो करताना त्या आईला काय वाटत असेल याची कल्पना करा, मग नोटिशीतली भाषा वाचून बघा.

लाज असते. मधली सुट्टी, वाढदिवसाचा खाऊ, 'उद्या सगळ्यांनी घरून काहीतरी करून आणा' असा फळ्यावरचा निरोप, सहलीचे पैसे. मूल पोटाची भूक सोसतं, पण ती चारचौघांत उघडी पडणं सोसत नाही. आणि शेवटी स्वतः खाडाच असतो. दोन दिवस बुडाले की तिसऱ्या दिवशी गणित कळत नाही. कळत नाही म्हणून चौथ्या दिवशी यावंसं वाटत नाही. ही वाट एकदा तयार झाली की घरात धान्य आलं तरी मूल परत येईलच असं नाही.

यातली तुमच्या मुलीची वाट कुठली, हे तिला न विचारता बरंचसं कळू शकतं. हजेरीपट तुमच्याच कपाटात आहे. तो काढा आणि एका कोऱ्या कागदावर चार महिन्यांचे रकाने आखून ते २३ दिवस लाल पेन्सिलीने भरा. खाडे किती हे विसरून ते कधी झालेत तेवढं बघा. महिनाअखेरीला, पगाराच्या किंवा मजुरी हाती येण्याच्या आधीच्या दिवसांत गर्दी दिसते का? सुट्टीला जोडून, सोमवारी दिसते का? शाळेतल्या एखाद्या कार्यक्रमाच्या, डबा वाटून खाण्याच्या दिवशी दिसते का? शिकागोतल्या शाळांच्या नोंदी आणि सरकारी अन्नमदतीच्या तारखा संशोधकांनी शेजारी ठेवून पाहिल्या. मदत महिन्यातून एकदा मिळते. महिना सरत जाऊन ती संपत आली की त्या घरांतल्या मुलांच्या बेशिस्तीच्या तक्रारी वाढत होत्या. शाळेच्या दप्तरात 'बेशिस्त' म्हणून लिहिलेलं असतं, त्याच्या तळाशी घरातला रिकामा डबा असतो, हे तारखा लावल्याशिवाय कुणाला दिसलं नसतं.

आणि समजा, लाल खुणांत असा काही आकार नाहीच दिसला, तर माझी आणि तुमची शंका बाजूला ठेवा. बारा वर्षांची मुलगी शाळा बुडवते याची कारणं आणखी असू शकतात. दर चार आठवड्यांनी सलग दोन-तीन दिवस जात असतील तर पाळी आणि शाळेतलं स्वच्छतागृह यांचा विचार करा. वाटेत कुणी त्रास देत असेल, वर्गात कुणी चिडवत असेल, घरात कुणी आजारी असेल. एका न उघडलेल्या डब्यावरून आपण अख्खी गोष्ट रचतोय, याचं भान मलाही ठेवायला हवं.

आता मुख्याध्यापकांच्या नोटिशीकडे येते. त्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: हजेरीची अट घातल्याने मुलं शाळेत टिकतात, याचे मोठे दाखले आहेत. मेक्सिकोने १९९७ मध्ये आणि ब्राझीलने २००३ मध्ये गरीब घरांना दरमहा रक्कम देण्याच्या योजना सुरू केल्या. अट होती, मुलांची हजेरी किमान ८५ टक्के हवी. अट कडक होती. पण तिथे आधी घरात पैसे येत होते आणि मग हजेरी मागितली जात होती. ब्राझीलमध्ये तर हजेरी कमी पडली की लगेच रक्कम तोडत नव्हते. आधी सूचना, मग काही काळ थांबवणं, आणि दरम्यान त्या घरावर काय ओढवलंय याची चौकशी. खाडा म्हणजे घर अडचणीत असल्याची खूण, असं मानून. आपण पाठवू ती नोटीस काहीच देत नाही, फक्त घेते. दोन दिवसांत शाळेत या, म्हणजे रोजावर काम करणाऱ्या माणसाचा एक रोज बुडाला. तो रोज म्हणजे त्या घरातलं जेवण. मग ते भरून काढायला आई पुन्हा जादाचं काम धरणार आणि मुलगी पुन्हा घरी राहणार. नोटिशीने एक खाडा वाढेल, कमी होणार नाही. हे मुख्याध्यापकांना तो लाल खुणांचा कागद पुढे ठेवून सांगा. वाद घालू नका, दोन महिन्यांची मुदत मागा. कागद बोलला की माणसं ऐकतात असा माझा अनुभव आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, शिकवायचं की पोट भरायचं, तुम्ही थोडा चिडून विचारलाय. तो राग मला समजतो, कारण शिक्षकांवर आधीच काय काय लादलेलं असतं. पण हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये १९०६ साली कायदा झाला आणि शाळकरी मुलांच्या जेवणाची सोय करण्याची मुभा स्थानिक प्रशासनांना मिळाली. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरात काही गरीब मुलांना शाळेत जेवण देऊन आठवड्या-आठवड्याला त्यांचं वजन घेतलं गेलं. जेवण चालू असताना वजन वाढत होतं. मधे सुट्टी आली, जेवण थांबलं, आणि वजन उतरलं. तो आलेख बघितल्यावर शिकवणं आणि जेवण यांत भिंत घालणं अवघड होतं. जमैकातल्या खेड्यांत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. काही मुलांना वर्षभर शाळेत न्याहारी दिली आणि बाकीच्यांना संत्र्याचा पाव भाग, एवढ्यासाठी की लक्ष सगळ्यांकडे सारखंच दिलं जावं. न्याहारीवाल्या मुलांची हजेरी थोडी सुधारली, वजन-उंची थोडी वाढली, लहान इयत्तांतल्या मुलांचं अंकगणितही सुधारलं. 'थोडी' हा शब्द मुद्दाम लिहिला. शाळेतलं जेवण जादू करत नाही, कारण खाड्याच्या बाकीच्या वाटा तशाच उघड्या राहतात. म्हणून पोट भरायचं काम एकट्या तुमचं नाही. पण मुलगी वर्गात यावी ही वाट मोकळी करणं शिकवण्याचाच भाग आहे, आणि ते तुम्हाला जमेल.

सुरुवात तुमच्या त्या एका वाक्यापासून करा. ती आली की शाळा सुटताना, कुणी नसताना सांगा: "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तसं विचारायला नको होतं. माझं चुकलं." एवढंच. त्याला जोडून कुठलाही प्रश्न नको, "पण तू चिठ्ठी का..." असं तर मुळीच नको. तिने मान हलवली तरी पुरे.

मग खाड्यानंतरचा दिवस सोपा करा. बाकावरच्या त्या मैत्रिणीला सांगून जे बुडालं ते एका वहीत उतरवून ठेवायला लावा, वर्गात कुणीही गैरहजर असलं तरी हीच पद्धत. आल्यावर "काल कुठे होतीस?" च्या जागी "बरं झालं आलीस, हे बघ कालचं" असं म्हणा. लहानशी गोष्ट वाटते, पण खाड्यातून खाडा जन्मतो ती वाट यानेच बंद होते.

खाण्याचं करायचं तर सगळ्या वर्गासाठी करा. तुमच्या टेबलाजवळ एक झाकणाचा डबा, त्यात सुकं, टिकणारं काहीतरी, ज्याला हवं त्याने घ्यावं. नोंद नाही, विचारणं नाही. शक्य असेल तर सकाळी, पहिल्या तासाच्या आधी, कारण रिकाम्या पोटाचे सगळ्यात अवघड तास तेच. खर्च एकटीने उचलू नका, शिक्षकखोलीत विचारा. ज्यांना देता येतं अशा पालकांना कुणाचं नाव न घेता सांगा. तिला एकटीला बोलावून तुमचा डबा पुढे करू नका. मोह होईल, मला माहीत आहे. पण जी मुलगी पाहुण्यांच्या चिठ्ठ्या लिहून घराची लाज राखते, तिला ते ओझं होईल आणि ती तुमची नजर टाळायला लागेल. अपवाद एकच: ती भोवळ येऊन बसली, हात थरथरताना दिसले, तर लाज-बीज बाजूला. आधी खायला द्या आणि डॉक्टरांना दाखवा. तिचं वजन उतरताना दिसलं, किंवा घरात मारहाण आहे, मुलं रात्री एकटी असतात असं कळलं, तर ती गोष्ट एकटीच्या पोटात ठेवू नका. मुलांच्या संरक्षणाची जी यंत्रणा तुमच्याकडे असेल तिच्यापर्यंत पोचवा.

आणि आईला भेटा. बोलावू नका, तुम्ही जा. तिच्या कामाची वेळ टाळून, दहा मिनिटं, जमलं तर मुलगी समोर नसताना. आत या म्हणाली नाही तर दारात उभ्या राहूनच बोला. सुरुवात मुलीच्या कौतुकाने करा, आणि खरं कौतुक करा. वेणीचं मी मघाशी म्हटलं ते इथे कामी येईल: "रोज किती टापटीप पाठवता हो तिला, एवढ्या धावपळीत." मग विचारायचं ते असं विचारा की हो म्हणणं सोपं जावं. या कामातले अनुभवी लोक दोनच वाक्यं वापरतात. पैसे येण्याआधीच घरातलं संपेल अशी काळजी गेल्या वर्षभरात वाटली का? आणि आणलेलं पुरलं नाही, पुन्हा आणायला पैसे नव्हते, असं झालं का? उत्तरं तीन: बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही. २०१० मध्ये या दोन वाक्यांची तपासणी झाली तेव्हा अडचणीतली बहुतेक घरं त्यांतून सापडत होती. "आम्ही बऱ्याच पालकांना विचारतो" असं म्हणा, आणि ते खरं व्हावं म्हणून खरोखरच वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना बंद पाकिटातून विचारा.

ती "कधीकधी" म्हणाली, तर पुढचा प्रश्न धाकट्याचा. तो दिवसा कुठे असतो? मला वाटतं, तुमच्या २३ खाड्यांची गुरुकिल्ली तो पोरगा आहे. जवळ बालवाडी असेल तर त्याचं नाव घालायला मदत करा. नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा, अगदीच अडलं त्या दिवशी त्याला बहिणीबरोबर शाळेत बसू देता येईल का. नियमात बसत नसेल कदाचित, पण विचारा. बुर्किना फासोमध्ये ज्या मुलींची हजेरी ९० टक्के भरे त्यांना शाळेकडून घरी नेण्यासाठी शिधा मिळायचा. मुली शाळेत दाखल होण्याचं प्रमाण वाढलंच, शिवाय घरातल्या शाळेत न जाणाऱ्या चिमुकल्यांची वजनंही सुधारली. मोठ्या मुलीची शाळा आणि धाकट्याचं पोट ही एकाच घराची गोष्ट आहे, तिथे दोन वेगळ्या फाइली चालत नाहीत.

हक्काची अन्नमदत बहुतेक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या रूपात असते, आणि ज्यांना ती सगळ्यात जास्त हवी त्यांचाच अर्ज एखाद्या कागदापायी अडकलेला असतो. पत्त्याचा पुरावा, जन्माचा दाखला, नावातली एक वेलांटी. तुम्हाला कागद वाचता येतात, शाळेच्या शिक्क्याचं पत्र देता येतं, एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाता येतं. टेबलापलीकडचा माणूस एकट्या बाईशी बोलतो आणि शिक्षिका बरोबर असली की बोलतो, यात फरक पडतो. तो पडायला नको, पण पडतो, तर त्याचा उपयोग करून घ्या.

त्या घरात जे ऐकाल ते शिक्षकखोलीत बोलू नका. मुख्याध्यापकांना आवश्यक तेवढंच. एका मुलाच्या कानावर गेलं की संपलं, ती मुलगी पुन्हा येणार नाही.

हे सगळं करूनही महिनाअखेरीला एखादा खाडा होईल. तेव्हा खचू नका, तिच्यावर रागावूही नका. २३ चे १२ झाले तरी ११ दिवस तिचे तिला परत मिळाले. आणि परतल्यावर तिने पुन्हा चिठ्ठी पुढे केली, त्यात पुन्हा पाहुणेच असले, तर ती हातात घ्या, वर तारीख घाला, खणात ठेवा आणि कालच्या अपूर्णांकांची वही तिच्यापुढे उघडा.

तुमची,
ताई